कर्नल अपडेट झाला की वायफाय गायब? दरवेळी ड्रायव्हर टाकत बसू नका, हे करा

लॅपटॉप नवा घेतला, त्यावर उबुंटू लिनक्स टाकलं, वायफाय दिसेना, मग कुठलातरी व्हिडिओ बघून गिटहबवरून ड्रायव्हर उतरवला, मेक, मेक इन्स्टॉल (ड्रायव्हर बनवून बसवायच्या कमांड), रीस्टार्ट, आणि वायफाय सुरू. काही आठवडे मस्त चालतं आणि मग एक दिवस लॅपटॉप चालू केला की वायफायचं चिन्हच नाही, सेटिंगमध्ये गेलं तर अडॅप्टर सापडला नाही म्हणून पाटी. परत तोच ड्रायव्हर, परत तीच कसरत. कॉलेजची पोरं, घरून काम करणारे, सगळ्यांकडून ही तक्रार सारखी येते आणि प्रत्येकाला वाटतं आपला लॅपटॉपच बिघडलाय नाहीतर लिनक्सच बेभरवशाचं आहे. दोन्ही चूक. बहुतेक वेळा तुमच्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या हार्डवेअर सांभाळणाऱ्या गाभ्यात, आधीच आलेला असतो, फक्त तुम्ही जुन्या गाइडच्या नादाने बाहेरचा ड्रायव्हर धरून बसलेले असता. तो सोडायचा कसा ते नीट सांगतो. लिनक्स मिंटवाल्यांनाही हे बहुतेक सगळं लागू आहे. (कमांडची नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करा.)

आधी दुखणं हेच आहे का याची खात्री करा. लॅपटॉप चालू होताना एस्केप दाबा, जुन्या बायॉसवाल्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा, ग्रबचा, म्हणजे काय बूट करायचं ते निवडायचा, मेनू येईल. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये गेलात की दोन-तीन कर्नल दिसतील, सगळ्यात वरचा नवा, त्याखाली आधीचा. आधीचा निवडून बूट करा. वायफाय आलं तर विषय संपला, कार्ड ठणठणीत आहे, अँटेना ठीक आहे, राउटरचाही काही दोष नाही, ड्रायव्हर फक्त त्या जुन्या कर्नलपुरता बसलाय. आणि आज सबमिशन किंवा मीटिंग असेल तर सरळ याच कर्नलवर काम उरका, बाकीचं संध्याकाळी निवांत बघा. एक मात्र पाळा, नवीन कर्नलवर वायफाय नीट चालेपर्यंत ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजं आणि जुने कर्नल काढणारी कमांड) चालवू नका, नाहीतर हा आधारही जायचा.

असं का होतं? लिनक्सचा कर्नल आतल्या आत सतत बदलत असतो आणि बाहेरच्या ड्रायव्हरसाठी आतली रचना तशीच ठेवायची हमी तो देत नाही, हे त्यांचं जाहीर धोरणच आहे. प्रत्येक कर्नलचं मॉड्युलचं, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलींचं, फोल्डर वेगळं, लिब मॉड्युल्सच्या खाली त्या व्हर्जनच्या नावाने. तुम्ही हाताने मेक इन्स्टॉल केलंत तेव्हा ड्रायव्हर फक्त तेव्हा चालू असलेल्या कर्नलच्या फोल्डरमध्ये गेला. नवा कर्नल आला, त्याचं फोल्डर नवं, त्यात तुमचा ड्रायव्हर नाही. बास, एवढंच. आणि उबुंटूवर सिक्युरिटी अपडेट आपोआप उतरत असतात त्यामुळे नवा कर्नल कधी बसला हे कळत पण नाही, रीस्टार्ट केल्यावरच समजतं, म्हणून लोक म्हणतात "मी तर काहीच केलं नव्हतं". खरंच नसतं केलेलं.

यावर डीकेएमएस नावाचा उपाय बरेच जण सांगतात. तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप परत बनवतो, त्यामुळे छोट्या अपडेटला तो तारून नेतो हे खरं. पण कर्नलचा मुख्य नंबर बदलला की बरेचदा ड्रायव्हरचा जुना कोड नव्या कर्नलवर कंपाइलच होत नाही, डीकेएमएस एरर देतो आणि वायफाय परत गायब. आता उबुंटूच्या डेस्कटॉपवर हा मुख्य नंबर कधी बदलतो ते बघा. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं तेव्हा कर्नल ६.८ होता, २४.०४.२ बरोबर फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.११ आला, २४.०४.३ बरोबर ऑगस्ट २०२५ मध्ये ६.१४. म्हणजे पहिला बदल सोडला तर साधारण दर सहा महिन्यांनी. त्याच्या आधी २२.०४ मध्ये पण हेच, ५.१५ वरून ५.१९, मग ६.२, ६.५, ६.८. कुणी म्हणालं की "वर्षातून दोनदा हमखास वायफाय जातं" तर त्याचं गणित हेच आहे.

या पुढे पुढे सरकणाऱ्या कर्नलला एचडब्ल्यूई म्हणतात आणि तो नव्या हार्डवेअरसाठीच दिलेला असतो, एलटीएस (२४.०४ सारखी दीर्घ मुदतीची आवृत्ती) तीच राहते, तुमचं सॉफ्टवेअर तेच राहतं पण कर्नल आणि ग्राफिक्सचा भाग पुढे सरकतो म्हणजे नंतर बाजारात आलेली कार्डं चालावीत. मला या सगळ्या प्रकरणात वाईट याचंच वाटतं, की ज्या अपडेटमुळे तुमचं कार्ड कसल्याही खटपटीशिवाय चालणार असतं त्याच अपडेटला लोक वैतागून थांबवतात, एपीटी मार्क होल्ड लावून कर्नल गोठवून टाकतात. तसं करू नका प्लीज, सिक्युरिटीची दुरुस्तीपण थांबते आणि वर्षभराने अजून मोठा गुंता होतो.

आता कामाला लागू. पहिलं म्हणजे कार्ड नेमकं कुठलं हे काढा, लॅपटॉपच्या मॉडेल नंबरवर जाऊ नका, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या लॉटला वेगवेगळी कार्डं येतात. टर्मिनल उघडून एलएसपीसीआय, त्यापुढे स्पेस, डॅश, एनएनके असं टाका. नेटवर्क कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा. त्या ओळीत शेवटी चौकोनी कंसात दोन भागांचा आयडी असतो, आणि खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ असेल तर ड्रायव्हर लागलाय, नसेल तर नाही. आयडीचा पहिला भाग १०ईसी असेल तर रियलटेक, १४सी३ असेल तर मीडियाटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. मग युनेम डॅश आर टाकून चालू कर्नलचा नंबर बघा. या दोन गोष्टी कळल्या की अर्धं काम झालं, मदत मागताना सुद्धा याच दोन गोष्टी आधी सांगा.

सध्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये जी कार्डं खूप दिसतात त्यांचं सांगतो. रियलटेक ८८२१सीई, आयडी १०ईसी:सी८२१, याचा ड्रायव्हर कर्नल ५.९ पासून आत आहे, म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरपासून. रियलटेक ८८५२बीई, आयडी १०ईसी:बी८५२, सगळ्यात जास्त गोंधळ याचाच, हा ६.२ पासून आत आहे, म्हणजे फेब्रुवारी २०२३. त्याचा थोरला भाऊ ८८५२एई ५.१६ पासून. मीडियाटेक ७९२१, आयडी १४सी३:७९६१, कर्नल ५.१२ पासून. मीडियाटेक ७९२५, वायफाय ७ वालं, ६.७ पासून. आता हे तुमच्या युनेमच्या नंबरशी ताडून बघा. २४.०४ वर ६.८ किंवा पुढचा कर्नल असेल तर वरची सगळी कार्डं बाहेरच्या ड्रायव्हरशिवाय चालायला पाहिजेत. २२.०४ चा पहिला आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) मित्राच्या पेनड्राइव्हवरून टाकला असेल तर कर्नल ५.१५, त्यात ८८५२बीई नाहीच. डेबियन (उबुंटूसारखंच दुसरं लिनक्स) १२ वाल्यांचं तर अगदी थोडक्यात हुकलं, तिथे कर्नल ६.१ आणि ड्रायव्हर आला ६.२ मध्ये, त्यामुळे तिथे एकतर बॅकपोर्टमधला, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी दिलेला नवा, कर्नल घ्या नाहीतर डेबियन १३ वर या, त्यात ६.१२ आहे.

गाइडची भानगड पण इथेच आहे. ८८२१सीई चे जे व्हिडिओ आणि लेख अजून सर्चमध्ये वर येतात ते उबुंटू २०.०४ च्या काळातले आहेत, तेव्हा कर्नल होता ५.४, ड्रायव्हर आत नव्हताच, त्यामुळे बाहेरून टाकणं हाच मार्ग होता आणि तो सल्ला तेव्हा बरोबरच होता. आज २४.०४ वर तीच कृती केली की चांगल्या चालणाऱ्या ड्रायव्हरच्या डोक्यावर जुना ड्रायव्हर बसतो. लेखाची तारीख बघायची सवय लावून घ्या.

कर्नल जुना निघाला तर वर आणायचा. इंटरनेट नाही तर अपडेट कसं करू असं लगेच विचाराल, तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या शेजारी यूएसबी टेदरिंग असतं ते चालू करा, उबुंटूला ते वायरचं नेटवर्क म्हणून दिसतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोनवर तेच वायफाय केबलमधून पुढे जातं, मोबाइल डेटा जात नाही, आणि कर्नल नि फर्मवेअर मिळून डाउनलोड काही शे एमबी होतो म्हणून हे सांगून ठेवलं. केबल चार्जिंगपुरती नको, डेटा जाणारी हवी.

मग सुडो एपीटी अपडेट (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, एपीटी म्हणजे पॅकेज टाकणारी कमांड), त्यानंतर सुडो एपीटी इन्स्टॉल आणि पॅकेजचं नाव लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४, तुमचं उबुंटू २२.०४ असेल तर शेवटी २२.०४. डेस्कटॉपवर हे पॅकेज बरेचदा आधीच असतं, तसं असेल तर फक्त पूर्ण अपग्रेड करा. मिंटमध्ये याहून सोपं, अपडेट मॅनेजर उघडून व्ह्यू मेनूमध्ये लिनक्स कर्नल्स आहे, तिथून निवडा. बूटचं पार्टिशन वेगळं आणि छोटं असेल, डिस्क एन्क्रिप्ट केलेल्यांचं असतं, तर आधी जागा बघा, जागा संपली की कर्नल अर्धवट बसतो आणि ते निस्तरणं वायफायपेक्षा जास्त त्रासाचं. उबुंटूचे मेनलाइन, म्हणजे मूळ लिनक्सवरून जसेच्या तसे बनवलेले, कर्नल असतात ते टाकायचा मोह काही जणांना होतो, ते फक्त तपासणीसाठी आहेत, त्यांना सिक्युरिटी अपडेट मिळत नाहीत आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर ते बूटच होत नाहीत. रोजच्या मशीनवर नको.

यापुढचं जरा सावकाश वाचा कारण निम्मे लोक इथे अडकतात. नवा कर्नल आला, त्यात ड्रायव्हर आहे, तरी वायफाय येत नाही. कारण जुन्या गाइडने मागे दोन गोष्टी ठेवलेल्या असतात. एक म्हणजे तो बाहेरचा ड्रायव्हर आणि दुसरी म्हणजे ब्लॅकलिस्ट, म्हणजे लोड करायचे नाहीत अशा ड्रायव्हरांची यादी. ८८२१सीई च्या गाइडमध्ये हमखास सांगितलेलं असायचं की कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर मध्ये येऊ नये म्हणून त्याचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये घाला. ती ओळ ईटीसीच्या खाली मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये एका फाइलीत वर्षानुवर्षं पडून राहते, आणि आज आपल्याला जो ड्रायव्हर पाहिजे नेमका त्यालाच दारात अडवते. त्या फोल्डरमध्ये ग्रेप (फाइलीत शब्द शोधणारी कमांड) करून ब्लॅकलिस्ट शब्द शोधा, ज्या ओळीत आरटीडब्ल्यू८८ किंवा आरटीडब्ल्यू८९ (कर्नलमधल्या रियलटेक ड्रायव्हरांची नावं) असं काही दिसेल ती काढा, बाकीच्या ओळींना हात लावू नका, त्या उबुंटूच्या स्वतःच्या असतात. मग सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू, म्हणजे बूटच्या फाइलीतही हा बदल जाईल.

बाहेरचा ड्रायव्हर काढायला आधी डीकेएमएस स्टेटस बघा. तिथे रियलटेकचं काही दिसलं आणि ते एपीटीने टाकलेलं असेल तर एपीटी पर्ज, उदाहरणार्थ आरटीएल८८२१सीई-डीकेएमएस हे पॅकेज. गिटहबवरून टाकलेलं असेल तर डीकेएमएस रिमूव्ह, नाव, तिरकी रेघ, व्हर्जन, आणि शेवटी डॅश डॅश ऑल. साधं मेक इन्स्टॉल केलं असेल तर ते फोल्डर अजून असेल तर त्यात जाऊन मेक अनइन्स्टॉल. सगळं निघालं का हे मॉडइन्फोने कळतं, उदाहरणार्थ ८८५२बीई साठी मॉडइन्फो आरटीडब्ल्यू८९_८८५२बीई असं टाकलं की पहिल्याच ओळीत फाइलीचा पत्ता येतो. पत्त्यात अपडेट्स हा शब्द असेल तर अजून बाहेरचाच ड्रायव्हर बसलाय, कारण एकाच नावाचे दोन असले तर उबुंटू अपडेट्स फोल्डरमधल्याला पहिला मान देतं. पत्ता कर्नल, ड्रायव्हर्स, नेट, वायरलेस असा जात असेल तर तो आतला. आता रीस्टार्ट.

सिक्युअर बूटबद्दल. ड्रायव्हर लोड होताना "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" असा मेसेज आला तर सही नसलेला ड्रायव्हर सिक्युअर बूटने नाकारलाय. बरेच जण लगेच बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करतात. कर्नलच्या आतला ड्रायव्हर वापरलात तर हा प्रश्नच येत नाही, त्यावर उबुंटूची सही आधीच असते. मला आतला ड्रायव्हर आवडण्याचं हे एक मोठं कारण आहे. पण तुमच्या कार्डाला अजूनही बाहेरचाच लागत असेल तर डीकेएमएस टाकताना एक पासवर्ड विचारतो आणि पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल एमओके (सहीची चावी नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते, घाईत कंटिन्यू दाबलं तर सहीची चावी बसतच नाही आणि ड्रायव्हर असूनही चालत नाही. ती परत आणायची तर सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी, पुढे डॅश डॅश एनरोल डॅश की.

ड्रायव्हर आतला, ब्लॅकलिस्ट नाही, तरी बंद? मग डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड, स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) बघा, सुडो लावून, आणि त्यात फर्मवेअर शब्द शोधा. "फेल्ड विथ एरर -२" असं दिसलं तर फर्मवेअरची फाइल नाहीये, उणे दोनचा अर्थ फाइल सापडली नाही एवढाच. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो पण कार्डाच्या आतल्या चिपमध्ये भरायचा कोड लिनक्स-फर्मवेअर नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये येतो, आणि नवा कर्नल कधी कधी नव्या नावाची फाइल मागतो. एकटा कर्नल वर नेला आणि हे पॅकेज जुनं राहिलं की हे होतं, ते अपग्रेड करा. इंटरनेटवरून सुटी फाइल आणून कॉपी करण्यापेक्षा पॅकेजच अपग्रेड केलेलं बरं, पुढच्या वेळी आठवण ठेवायला लागत नाही.

डीमेसेजमध्ये काहीच नाही आणि एलएसपीसीआयमध्ये कार्डच दिसत नाही, आणि मशीनवर विंडोजही आहे? मग विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि काही कार्डं अशा अवस्थेत राहतात की लिनक्सला जागीच होत नाहीत. बंद केल्यावर लॅपटॉप पूर्ण शटडाउन करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग चालू करा. आरएफकिल लिस्ट (वायरलेस अडवलंय का ते सांगणारी कमांड) पण बघून घ्या, हार्ड ब्लॉक्ड यस असेल तर किबोर्डवरचं विमानाचं बटण दाबलं गेलंय किंवा बायॉसमध्ये वायफाय बंद आहे.

वायफाय येतं पण मधेच तुटतं, झोपवून उठवलं की मरतं, हा प्रकार ८८५२बीई वर जास्त बघितलाय आणि तिथे बहुतेकदा वीज वाचवण्याची सेटिंग आड येते. मॉडप्रोब डॉट डी मध्ये नवी फाइल करून त्यात ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८९_कोर डिसेबल_पीएस_मोड=वाय, आणि दुसऱ्या ओळीत ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८९_पीसीआय डिसेबल_एएसपीएम_एल१=वाय असं लिहा. मॉडइन्फो डॅश पी ने आधी बघा की तुमच्या कर्नलमध्ये हीच नावं आहेत, बाहेरच्या ड्रायव्हरमध्ये वेगळी असू शकतात. बॅटरी थोडी जास्त जाईल. पुढचा मोठा कर्नल आला की ही फाइल बाजूला ठेवून परत एकदा चालवून बघा, दुरुस्ती आत आलेली असू शकते.

यूएसबी डोंगलवाल्यांसाठी पण चांगली बातमी आहे. रियलटेक ८८११सीयू आणि ८८२१सीयू ६.२ पासून आत आले, ८८१२एयू आणि ८८२१एयू ६.१३ मध्ये, म्हणजे २४.०४.३ च्या ६.१४ वर ते थेट चालावेत. डोंगल लावल्यावर एलएसयूएसबीमध्ये (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी कमांड) आयडी ०बीडीए:१ए२बी दिसला तर ते डोंगल सध्या सीडी ड्राइव्ह असल्याचं भासवतंय, त्यात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी इजेक्ट करा, डोंगल वायफायच्या रूपात परत येतं. आपोआप व्हायला हवं असेल तर यूएसबी-मोडस्विच पॅकेज टाका.

एवढं करूनही कार्ड कुठल्याच कर्नलमध्ये नसेल, अगदी ताज्या मॉडेलमध्ये असं होतं, तर उबुंटूच्या सगळ्यात नव्या रिलीजचा लाइव्ह पेनड्राइव्ह करून बूट करा, इन्स्टॉल न करता. तिथे वायफाय दिसलं आणि तुमची एलटीएस सगळ्यात नवी असेल तर तो कर्नल साधारणपणे पुढच्या एखाद्या पॉइंट रिलीजबरोबर (२४.०४.३ सारख्या) येतो, तोवर टेदरिंगवर भागवा. लॅपटॉप अजून घ्यायचाच असेल तर हाच पेनड्राइव्ह दुकानात घेऊन जा, डेमोच्या मशीनवर लावू देतात का विचारा, नाही दिलं तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाचं नाव तरी फोटो काढून घ्या. आणि कार्ड बदलायचा पर्याय आहेच, बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते एम.२ स्लॉटमध्ये एका स्क्रूवर बसवलेलं असतं, इंटेलचं एएक्स२१० कर्नल ५.१० पासून चालतं आणि एएमडीच्या मशीनवरही चालतं. घेताना एएक्स२०१ किंवा एएक्स२११ चुकून घेऊ नका, दिसायला सारखीच असतात पण त्यांचा निम्मा भाग इंटेलच्या प्रोसेसरच्या बाजूला असतो त्यामुळे एएमडीवर ती मुळीच चालत नाहीत. काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, तेव्हा मागचं झाकण उघडायच्या आधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा आणि वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडलेलं चालतं का ते सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.